उसन्या गादीची किंमत

'मांडलिक' हा शब्द आपण शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि पान उलटून पुढे जातो. अमुक राजानं तमुक राजाचं मांडलिकत्व पत्करलं, एवढ्या एका वाक्यात काम उरकलेलं असतं. पण पत्करलं म्हणजे नेमकं काय केलं? काय घेतलं, काय दिलं, आणि जे दिलं ते कुणाच्या पदरचं होतं? १८०२ साली वसईच्या तहावर सही करून दुसरा बाजीराव कंपनीच्या फौजेच्या जोरावर पुण्याच्या गादीवर परत बसला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. त्याच सुमाराला हिंदुस्थानच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मणिपुरात, एक राजपुत्र असाच परक्या फौजेच्या पाठीवर बसून गादीकडे निघाला होता. त्याचं नाव मारजितसिंह. आज त्याची गोष्ट सांगायची आहे. कारण मांडलिक राजाचा सगळा हिशेब, जमा आणि खर्च, तिच्यात स्वच्छ दिसतो.

आधी मुलूख समजून घेऊ. चहूबाजूंनी डोंगरांच्या रांगा आणि मध्ये ताटासारखं सपाट खोरं, असं मणिपूर आहे. आजच्या राज्याच्या क्षेत्रफळात या खोऱ्याचा वाटा जेमतेम एक दशांश. पण भाताची शेती, लोकताक सरोवर, इंफाळ शहर आणि कांगला ही जुनी राजधानीची जागा, सारं इथेच. इथले मुख्य रहिवासी मैतेई. त्यांची स्वतःची भाषा, स्वतःची लिपी आणि 'चैथारोल कुंबाबा' नावाची राजदरबाराची बखर. पश्चिमेचे डोंगर उतरले की कछार, त्यापुढे सिल्हेट आणि बंगाल. पूर्वेचे डोंगर उतरले की कबॉ नावाचं लांबट खोरं लागतं. त्याच्या पलीकडे चिंदविन नदी. मैतेई लोक तिला निंगथी म्हणतात. नदी ओलांडली की खास ब्रह्मदेश. कबॉ हे असं दोन राज्यांच्या मधलं अंगण होतं. ज्याचा जोर जास्त, तो तिथे आपली खुर्ची टाकून बसे. हे कबॉ खोरं लक्षात ठेवा. आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे.

मणिपूर नेहमीच दुबळं होतं, असं मात्र समजू नका. १७०९ ते १७४८ या काळात तिथे पामहैबा नावाचा राजा होऊन गेला. त्यानं वैष्णव धर्म स्वीकारला आणि तो राज्याचा धर्म केला. पण इतिहासात तो ओळखला जातो 'गरीबनवाज' या पदवीनं. हे फारसी बिरुद ऐकलं की माझ्यासारख्याच्या मनात आधी अजमेरचे ख्वाजासाहेब येतात. इंफाळच्या एका वैष्णव राजाच्या नावापुढे ते लागलेलं पाहून बरं वाटतं, आणि शब्द किती लांबचा प्रवास करतात याचं नवलही वाटतं. या गरीबनवाजाचे घोडेस्वार चिंदविन ओलांडून थेट ब्रह्मी राजधानी आवाच्या परिसरापर्यंत धडका मारत. गावं लुटत, माणसं धरून आणत. म्हणजे पुढे जे मणिपूरच्या वाट्याला आलं, ते आधी मणिपूरनं दुसऱ्याला दिलेलं होतं. ब्रह्मदेशाच्या मनात हा राग साठून राहिला.

१७५२ मध्ये ब्रह्मदेशात अलाँगपया हा पुरुष उभा राहिला आणि त्यानं नवं राजघराणं स्थापलं. त्याच्या सैन्याकडे बंदुका होत्या. मणिपूरचा भर घोडा आणि फेकायच्या भाल्यावर. पारडं फिरलं. १७५८ साली खुद्द अलाँगपया मणिपुरात उतरला आणि तिथून पुढे सहा-सात दशकं हे खोरं ब्रह्मी स्वाऱ्यांखाली पुन्हा पुन्हा भरडलं गेलं. त्या काळातला मोठा राजा भाग्यचंद्र. ज्याच्या काळात मणिपुरी रास सुरू झाला, तोच हा. त्याची गादी गेली, त्यानं आसामच्या आहोम राजाकडे आश्रय घेतला आणि परत मिळवली. १७६२ मध्ये त्यानं ईस्ट इंडिया कंपनीशी करारही केला होता. कंपनीची पलटण १७६३ मध्ये निघालीही, पण कछारच्या दलदलीत आजारपणानं खंगून माघारी फिरली. म्हणजे बाहेरून मदत मागायची वाट मणिपूरला नवी नव्हती. पण भाग्यचंद्रानं मदत मागितली ती परचक्र घालवायला. त्याच्या मुलांनी ती मागितली एकमेकांना घालवायला.

१७९८ मध्ये भाग्यचंद्रानं राज्य सोडलं आणि तो तीर्थयात्रेला निघून गेला. मागे मुलं बरीच. थोरला गादीवर बसला, त्याचा खून झाला. दुसरा बसला, त्याला भावांनी हाकललं. तो कछारची फौज घेऊन परत आला आणि लढाईत मारला गेला. मग चौरजित राजा झाला आणि मारजित युवराज. मारजितला युवराजपद पुरेना. त्यानं कट केला, तो फसला, आणि तो परागंदा झाला. तो पट्टीचा पोलो खेळणारा होता. मणिपूरमध्ये या खेळाला 'सगोल कांगजै' म्हणतात, आणि आज जगभर खेळल्या जाणाऱ्या पोलोचं मूळ तिथेच आहे. कछारमध्ये असताना तिथल्या राजाचा भाऊ गोविंदचंद्र यानं मारजितचा आवडता खेळाचा घोडा बळकावला, आणि तो डंख मारजितनं आयुष्यभर जपला, अशी एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, मारजितचा स्वभाव तिच्यातून कळतो.

शेवटी मारजित आवाच्या दरबारी पोचला. तिथे बोदॉपया राज्य करत होता. अलाँगपयाचा हा मुलगा फार महत्त्वाकांक्षी. मारजितनं त्याच्यापुढे मागणी ठेवली, ती अशी: फौज द्या, मला माझ्या भावाच्या गादीवर बसवा.

आता आवाच्या बाजूनं विचार करून पाहा. मणिपूर जिंकणं त्यांना अवघड नव्हतं. अनेकदा जिंकून झालं होतं. अवघड होतं ते तिथे टिकून राहणं. मधे डोंगर, पावसाळ्यात वाटा बंद, रसद पोचवणं महाकर्मकठीण. अशा वेळी घरचाच एक राजपुत्र गादीवर बसून आपलं ऐकणार असेल, तर याहून स्वस्त काय? ठाणं नको, कारभारी नको, सरदारांना जहागिरी नकोत. पुढे १८१७ मध्ये आसामात हेच झालं. आहोम दरबारातल्या भांडणात एका पक्षानं ब्रह्मी फौज बोलावली आणि पाच वर्षांच्या आत सगळा आसाम ब्रह्मदेशाच्या ताब्यात गेला. दुसऱ्याच्या घरात शिरायला दार फोडावं लागत नाही. आतून कडी काढणारा एक हात मिळाला की पुरतं.

१८१३ मध्ये ब्रह्मी फौज मणिपुरात आली. चौरजित हरून कछारला पळाला. मारजित राजा झाला.

त्यानं काय दिलं? पहिली गोष्ट, आवाच्या राजाचं स्वामित्व मान्य केलं. दुसरी, कबॉ खोऱ्यावरचा मणिपूरचा हक्क सोडला. पंधराव्या शतकात राजा कियांबाच्या काळापासून मणिपूर ज्या मुलखावर हक्क सांगत होतं, तो एका माणसाच्या गादीपायी गेला. कबॉतल्या शेतकऱ्याला, सागाच्या रानात राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्यात जड तीच. हुकूम येईल तेव्हा हजर व्हायचं. ब्रह्मी दरबारात मांडलिक आणि सरदार यांनी ठरावीक वेळी नजराणे घेऊन राजापुढे वाकायचं, असा रिवाज होता. त्या विधीच्या नावाचाच अर्थ क्षमा मागणं असा आहे. गुन्हा केला असो वा नसो, क्षमा मागायची, म्हणजे आपण कोण आहोत हे विसरायला होत नाही.

मारजितनं सहा वर्षं राज्य केलं. याच काळात, १८१७-१८च्या सुमाराला, त्यानं कछारवर चाल केली. तिथे आता तोच गोविंदचंद्र राजा होता. गोविंदचंद्रानं घाबरून मदतीला कुणाला बोलावलं, तर मारजितच्याच परागंदा भावांना. चौरजित आणि धाकटा गंभीरसिंह उभे राहिले आणि मारजितला परतावं लागलं. या एका स्वारीनं त्यानं पश्चिमेचं दार स्वतःच्या हातानं वैऱ्यांना देऊन टाकलं. आता पूर्वेला धनी आणि पश्चिमेला भाऊ, असा तो मधे सापडला.

१८१९ मध्ये बोदॉपया वारला आणि त्याचा नातू बाजीदॉ गादीवर आला. नव्या राजाच्या राज्यारोहणासाठी मांडलिकांना बोलावणी गेली. मारजितलाही गेलं. तो गेला नाही.

का गेला नाही? उद्दामपणा होताच, असं म्हणता येईल. पण मला वाटतं, त्याच्यापुढे वाटच उरली नव्हती. गेला असता तर मागे मोकळी गादी पाहून कछारमधले भाऊ चार दिवसांत आले असते. न जावं तर फौज येणार. ज्या माणसानं आपल्याच लोकांच्या संमतीवर राज्य उभं केलं असतं, तो महिनाभर बाहेर जाऊ शकला असता. राजधानीचे वेशीदार, गावचे मुखिये, घोडेस्वार त्यानं आपले केले असते. मारजितनं वर पाहून राज्य मिळवलं होतं, त्यामुळे खाली पाय ठेवायला जमीन नव्हती. आपल्याकडे उसनवारीला वाईट म्हणतात ते उगाच नाही. उसनं आणलेलं परत मागायला माणूस कधी दाराशी येईल, ते घेणाऱ्याच्या हातात नसतं.

फौज आली. सेनापती महाबंदुला याचं नाव या स्वारीशी जोडलेलं आहे. मारजित हरला आणि कछारला पळाला, त्याच भावांकडे. तिथे तिघं एक झाले आणि त्यांनी आश्रय देणाऱ्या गोविंदचंद्राचाच मुलूख घशात घातला. गोविंदचंद्र सिल्हेटकडे इंग्रजांच्या आश्रयाला गेला. राजघराण्यातल्या माणसांसाठी असा प्रत्येक वेळी एक पुढचा मुक्काम असतो.

खोऱ्यातल्या माणसांसाठी मात्र नव्हता. १८१९ ते १८२६ या काळाला मणिपुरात 'चही तरेत खुनताकपा' म्हणतात. चही म्हणजे वर्ष, तरेत म्हणजे सात. सात वर्षांची उजाडी. गावंच्या गावं ओस पडली. हजारो माणसं बांधून ब्रह्मदेशात नेली गेली. ज्यांना पळता आलं ती कछार, सिल्हेट, त्रिपुरा अशी वाट फुटेल तिकडे गेली. या काळात मणिपूरला राजे नव्हते असं नाही. उलट फार होते. यदुसिंह, राघवसिंह, भद्रसिंह अशी नावं एकामागून एक येतात, कुणी वर्षभर, कुणी त्याहूनही कमी. ब्रह्मी सत्तेच्या मर्जीनं बसायचं आणि उठायचं. मारजितनं निदान सौदा केला होता. यांच्यापाशी सौद्यात घालायलाही काही उरलं नव्हतं. राजवंशाच्या यादीत त्यांना एकेक ओळ मिळाली आहे. त्या ओळीच्या मागे ओसाड खोरं आहे. लढणारे नव्हते असंही नाही. भावांचा पुतण्या हेराचंद्र डोंगरांच्या आडोशानं माणसं जमवून ब्रह्मी ठाण्यांशी झुंजत राहिला.

पळालेली आणि नेलेली ही माणसं कुठे गेली, हे आजही दिसतं. आसामच्या बराक खोऱ्यात, त्रिपुरात आणि बांगलादेशच्या सिल्हेट भागात मैतेई वस्त्या आहेत. त्यांत मैतेई मुसलमानही आहेत. त्यांना पांगल म्हणतात. १६०६ साली राजा खागेंबाच्या काळात बंगालकडून आलेले आणि पकडले गेलेले सैनिक मणिपुरात स्थायिक झाले, मैतेई घरांत त्यांची लग्नं झाली, मैतेई ही त्यांची भाषा झाली. उजाडीच्या वर्षांत गोविंदजीचा भक्त आणि नमाज पढणारा पांगल यांच्या पायाखालची वाट एकच होती. ब्रह्मदेशात मणिपुरी माणसाला 'काथे' म्हणत. काथे घोडेस्वार ब्रह्मी सैन्यात होते, काथे विणकर अमरपुरात रेशीम विणत, आणि मणिपुरी ब्राह्मण राजवाड्यात ज्योतिष पाहत. ज्यांनी देश उद्ध्वस्त केला त्यांचेच मुहूर्त काढून देणं त्यांच्या नशिबी आलं. आणि कछारमध्ये परागंदा मैतेईंनी आपला घोड्यावरचा खेळ चालू ठेवला. तो चहामळ्यांच्या भागातल्या इंग्रजांनी पाहिला आणि १८५९ मध्ये सिलचरला पोलो क्लब निघाला. लंडनच्या हिरवळीवर पोचलेला तो साहेबी खेळ निघाला होता निर्वासितांच्या वस्तीतून.

मणिपूरची सुटका केली ती धाकट्या गंभीरसिंहानं. मार्च १८२४ मध्ये कंपनी सरकार आणि ब्रह्मदेश यांच्यात युद्ध सुरू झालं. कंपनीनं १८२५ मध्ये कछारमार्गे मोठं सैन्य पाठवून पाहिलं. हत्ती, बैल, तोफा सारं चिखलात रुतलं. तेव्हा गंभीरसिंहानं आपले ५०० लोक घेऊन जातो म्हटलं. 'मणिपूर लेव्ही' म्हणतात ती हीच तुकडी. मे महिन्यात ते सिल्हेटहून निघाले आणि भर पावसात डोंगर तुडवत जूनमध्ये खोऱ्यात उतरले. लेफ्टनंट पेंबर्टन हा इंग्रज अधिकारी सोबत होता. त्यानं पुढे या सरहद्दीवर सविस्तर अहवाल लिहिला. ब्रह्मी सैन्य इंफाळ सोडून मागे गेलं. फेब्रुवारी १८२६ मध्ये गंभीरसिंह तामू घेऊन निंगथीच्या काठावर पोचला. मारजितनं दिलेलं कबॉ खोरं धाकट्यानं परत आणलं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला यांदाबोचा तह झाला आणि त्यात आवाच्या राजानं गंभीरसिंहाला मणिपूरचा राजा म्हणून मान्य केलं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण त्या ५०० लोकांच्या खांद्यावरच्या बंदुका कंपनीच्या होत्या. १८३३ च्या करारात कंपनीनं अटी घातल्या. रस्ता बांधून द्या, लागतील तेव्हा हमाल द्या, ब्रह्मदेशाशी पुन्हा युद्ध झालं तर मदत करा. दरम्यान आवाच्या दरबारानं कबॉवर हक्क सांगितला होता. तिथला इंग्रज रेसिडेंट हेन्री बर्नी यानं ब्रह्मी दप्तरं तपासून तो हक्क बरोबर आहे, असं मत दिलं. कंपनीला ब्रह्मदेशाशी सलोखा हवा होता. गव्हर्नर जनरल बेंटिंकनं निर्णय घेतला आणि ९ जानेवारी १८३४ रोजी कबॉ खोरं ब्रह्मदेशाच्या हवाली झालं. बदल्यात मणिपूरच्या राजाला महिना ५०० सिक्के रुपये. आणि वर अट अशी की, खोरं कधी मणिपूरला परत मिळालंच तर भत्ता बंद. गंभीरसिंहाचा मृत्यू झाला तो त्याच ९ जानेवारीला. दुःखानं गेला, असं लोक म्हणतात. मुलगा चंद्रकीर्ती तान्हा होता.

एका भावानं आवाकडून फौज घेतली, दुसऱ्यानं कंपनीकडून बंदुका. एकानं गादीसाठी देश विकला, दुसऱ्यानं देशासाठी जीव धोक्यात घातला. त्या दोघांना एका तागडीत घालू नये. पण कबॉ खोरं दोन्ही वेळा गेलं. १ जानेवारी १८८६ ला इंग्रजांनी ब्रह्मदेशही खालसा केला. म्हणजे खोरं देणारा, घेणारा आणि ज्याचं गेलं तो, सगळे एकाच छत्राखाली आले. तरी खोरं परत आलं नाही. आज ते म्यानमारमध्ये आहे.

पुढे १८९१ मध्ये मणिपूरनं इंग्रजांशी युद्ध केलं आणि ते हरलं. १३ ऑगस्टला सेनापती टिकेंद्रजित आणि वृद्ध थांगल जनरल यांना फाशी झाली. राजा म्हणून निवडला गेला चुराचंद नावाचा पाच-सहा वर्षांचा मुलगा. हातात सनद आणि डोक्यावर ५० हजार रुपयांची वार्षिक खंडणी. आवाच्या जागी आता कलकत्ता, एवढाच फरक.

मांडलिक राजाच्या प्रजेचं दुखणं कुठे असतं, ते या चुराचंद महाराजांच्या काळातच, पण खूप पुढे, उघड झालं. १९३९ मध्ये मणिपुरात तांदूळ मिळेनासा झाला, कारण व्यापारी तो बाहेर पाठवत होते. १२ डिसेंबरला इंफाळच्या बाजारातल्या बायका दरबाराच्या कचेरीवर गेल्या. निर्यात बंद करा, एवढंच मागणं. दरबाराचा प्रमुख शार्प हा गोरा अधिकारी म्हणाला, महाराजांच्या परवानगीशिवाय मला हे करता येत नाही. महाराज होते नवद्वीपला, यात्रेला. राजा म्हणे साहेब, साहेब म्हणे राजा. आणि दोघांच्या मधे रिकामी चूल. बायकांनी काय केलं? त्या शार्पला तारघरात घेऊन गेल्या, महाराजांना तार करायला लावली, आणि उत्तर येईपर्यंत त्याला तिथून हलू दिलं नाही. संगिनी चालल्या, बायका जखमी झाल्या. पण दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तांदळाची निर्यात बंद.

मणिपुरात याला 'नुपी लान' म्हणतात, म्हणजे बायकांची लढाई. दर वर्षी १२ डिसेंबरला तिथे तिची आठवण केली जाते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)